पोर्तुगीज देशांतराचे कायदे आणि दप्तर : गोव्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

पोर्तुगीजांच्या इतिहासाचा विचार आपल्याकडे बहुधा त्यांच्या आगमनाच्या अंगाने केला जातो. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, आफोन्सो द आल्बुकर्क याने १५१० मध्ये गोवा घेतले, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, हा क्रम पदवीच्या विद्यार्थ्यांनाही परिचित आहे. परंतु या साडेचारशे वर्षांत पोर्तुगीज अमलाखालून जी माणसे बाहेर पडली, त्यांच्या जाण्याचा इतिहास मराठीत तुलनेने कमी लिहिला गेला. ही माणसे कोण होती, त्यांना कोणत्या कायद्याने अडविले किंवा घालविले आणि सरकारी दप्तरात त्यांची नोंद कशी झाली, हे प्रश्न राजकीय इतिहासाइतकेच महत्त्वाचे आहेत.

देशांतराच्या इतिहासाची साधने विपुल असली तरी ती सरळ बोलत नाहीत. पारपत्रांची नोंदवही, परवाना, हुकूमनामा, जन्मनोंद हे सारे कागद राज्यसंस्थेने स्वतःच्या गरजेपोटी निर्माण केले. जो मनुष्य त्या गरजेच्या कक्षेत आला, तो कागदावर उमटला. जो आला नाही, तो गेला तरी दप्तराच्या दृष्टीने गेलाच नाही. म्हणून देशांतराचे दप्तर वाचताना किती माणसे गेली या प्रश्नाच्या आधी ही नोंद कोणी व कशासाठी केली, हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न गोव्याच्या संदर्भात तपासला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

१) पोर्तुगालमधील देशांतरविषयक कायद्यांचे स्वरूप थोडक्यात समजून घेणे.
२) पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातून झालेल्या बहिर्गमनाचे टप्पे व त्यांमागील कारणे पाहणे.
३) या बहिर्गमनाविषयीच्या सरकारी दप्तराचे सामर्थ्य आणि मर्यादा स्पष्ट करणे.
४) वऱ्हाडसारख्या प्रदेशातील स्थानिक इतिहासाच्या अभ्यासासाठी त्यातून मिळणारा बोध नोंदविणे.

लेखात ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. ‘स्थलांतर’ हा शब्द व्यापक अर्थाने, तर ‘देशांतर’ हा शब्द एका राज्याची हद्द ओलांडून दुसऱ्या राज्यात जाणे या मर्यादित अर्थाने वापरला आहे.

पोर्तुगालमधील देशांतराचे कायदे

पोर्तुगाल हा लहान देश, परंतु त्याची वसाहत आफ्रिका, आशिया आणि ब्राझील अशी पसरलेली होती. साहजिकच राज्यकर्त्यांपुढे नेहमी एक पेच असे. वसाहती राखण्यासाठी माणसे बाहेर गेली पाहिजेत आणि शेती, सैन्य व करवसुली यांसाठी ती घरी राहिली पाहिजेत. पोर्तुगालमधील देशांतराचे कायदे या पेचातून जन्मले.

अठराव्या शतकाच्या आरंभी ब्राझीलच्या अंतर्भागात सोन्याच्या खाणींचे काम वाढले. उत्तर पोर्तुगालमधील मिन्यो प्रांतातून माणसांचा ओघ तिकडे सुरू झाला आणि गावे ओस पडू लागली. तेव्हा राजा पाचवा जुआंव याच्या काळात, २० मार्च १७२० रोजी, ब्राझीलला जाण्यावर कडक निर्बंध घालणारा कायदा झाला. सरकारी अधिकाराच्या जागेवर नेमलेल्या व्यक्ती आणि पारपत्र मिळविण्यास पात्र ठरलेले मोजके लोक यांनाच जाता येत असे. या कायद्याने देशांतर थांबले नाही. जाणाऱ्यांची विभागणी मात्र परवान्याने जाणारे आणि चोरून जाणारे अशी झाली.

१८२२ मध्ये ब्राझील स्वतंत्र झाल्यावर तेथे जाणारा पोर्तुगीज शेतकरी कायद्याच्या दृष्टीने परदेशी जाऊ लागला. १८५५ च्या कायद्याने प्रवासी वाहून नेणाऱ्या जहाजांवर अटी घातल्या. १८६३ च्या कायद्याने देशांतर्गत प्रवासाचे पारपत्र रद्द केले, बाहेर जाण्याचे मात्र कायम ठेवले. ही पारपत्रे जिल्ह्याच्या मुलकी कार्यालयातून दिली जात आणि त्यांच्या नोंदवह्यांत नाव, वय, व्यवसाय, मूळ गाव व गंतव्य स्थान लिहिले जाई. लष्करी सेवेच्या वयातील तरुणाला अनामत भरावी लागे किंवा जामीन द्यावा लागे. या वह्या आज पोर्तुगालमधील जिल्हा अभिलेखागारांत जतन केलेल्या असून तेथील देशांतराच्या अभ्यासाचे त्या प्रमुख साधन आहेत.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कायद्यांत देशांतर करणारा म्हणजे कोण, याची केलेली व्याख्या मोठी बोलकी आहे. जहाजाच्या तिसऱ्या वर्गाने समुद्रापलीकडे जाणारा तो देशांतर करणारा समजला जाई. पहिल्या वर्गाने त्याच बंदरात उतरणारा व्यापारी केवळ प्रवासी ठरे. कायद्याला गंतव्य स्थानापेक्षा तिकिटाचा वर्ग अधिक महत्त्वाचा वाटत होता.

सालाझारच्या राजवटीत १९४७ मध्ये देशांतराच्या नियंत्रणासाठी मध्यवर्ती मंडळ स्थापन झाले. तरीही १९६० नंतरच्या दशकात फ्रान्सकडे चोरून जाणाऱ्यांची संख्या प्रचंड वाढली. दारिद्र्य हे कारण होतेच, शिवाय आफ्रिकेतील वसाहतींत सुरू झालेल्या युद्धातील सक्तीची लष्करी सेवा टाळणे हेही कारण होते. या चोरट्या प्रवासाला लोकभाषेत ‘उडी’ म्हणत. सरहद्द ओलांडून नेणाऱ्या वाटाड्याला पैसे देण्याची एक रीत रूढ झाली होती. प्रवासी आपल्या छायाचित्राचे दोन तुकडे करी, एक घरी ठेवी आणि दुसरा आपल्याजवळ बाळगी. फ्रान्समध्ये सुखरूप पोहोचल्यावर तो आपल्याजवळचा तुकडा घरी पाठवी आणि दोन्ही तुकडे जुळले म्हणजे घरचे लोक वाटाड्याचे उरलेले पैसे चुकते करीत. ज्यांच्यासाठी सरकारी नोंदवही बंद होती, त्यांनी स्वतःपुरती नोंदवही निर्माण केली असे म्हणता येईल. पुढे १९७४ च्या क्रांतीनंतर १९७६ च्या संविधानाने देश सोडून जाण्याचा व परत येण्याचा हक्क नागरिकांना दिला आणि निर्बंधांचा मोठा कालखंड संपला.

समुद्रावरील परवाना

गोव्यात पोर्तुगीज सत्तेने हालचालींवर नियंत्रण आणले ते प्रथम समुद्रावर. सोळाव्या शतकात अरबी समुद्रातील जहाजांना पोर्तुगीजांकडून ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यावा लागे. त्यात जहाजाचे व नाखव्याचे नाव, माल, शस्त्रे आणि जाण्याचे बंदर यांचा उल्लेख असे. परवाना नसलेले जहाज जप्त होण्याची भीती असे. सम्राट अकबराच्या काळात हज यात्रेकरूंच्या जहाजांनाही या परवान्याची गरज भासली, यावरून त्याची पकड लक्षात येते.

कार्ताझ हा माणसाचा परवाना नव्हता, जहाजाचा होता. त्यातून प्रवास करणारे शेकडो लोक कागदावर येत नसत. तरीही पुढील काळातील पारपत्राची मूळ कल्पना, म्हणजे जाण्याची मुभा हा सत्तेने द्यावयाचा आणि मोबदला घेऊन द्यावयाचा अधिकार आहे ही कल्पना, येथे स्पष्ट दिसते.

सोळावे शतक : घालविण्याचा आणि परत बोलावण्याचा हुकूम

गोव्यातून झालेले पहिले मोठे बहिर्गमन धार्मिक सक्तीतून झाले. १५४० मध्ये तिसवाडीतील मंदिरे पाडण्यात आली. १५४३ मध्ये बारदेश व सासष्टी हे महाल पोर्तुगीजांकडे आले. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायसभेची, म्हणजे इन्क्विझिशनची स्थापना झाली. त्याच वर्षी व्हाइसरॉय कोन्स्तांतिनु द ब्रागांसा याने अनेक ब्राह्मणांना गोवा सोडून जाण्याचा हुकूम दिला. त्यापूर्वी १५५९ मध्ये अनाथ हिंदू मुलांना ख्रिस्ती संस्थांच्या ताब्यात देण्याचा कायदा झाला होता. मुले आणि जमीन या दोन्हींची शाश्वती न उरल्याने ज्यांना हुकूम लागू नव्हता, असेही अनेक कुटुंबीय हद्द ओलांडून गेले.

याचा परिणाम सरकारी उत्पन्नावर झाला. जमिनी पडीक राहू लागल्या, व्यापार मंदावला. तेव्हा पुढचा व्हाइसरॉय कोंद द रेदोंदो याने १५६१ मध्ये बाहेर गेलेल्या हिंदूंना परत येण्याची मुभा देणारा आणि त्यांच्या मालमत्ता परत करण्याची हमी देणारा हुकूम काढला. एका वर्षाच्या अंतराने निघालेले हे दोन हुकूम एकत्र वाचले म्हणजे सत्तेचा अंतर्विरोध उघड होतो. धर्मसत्तेला ही माणसे नको होती, तिजोरीला ती हवी होती. दोन्ही हुकूम दप्तरात राहिले. जी कुटुंबे गेली त्यांची यादी मात्र त्या हुकुमांत नाही.

ही यादी अन्यत्र शोधावी लागते आणि तिचा सर्वांत ठळक पुरावा देवळांच्या रूपाने उभा आहे. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळ येथे, केळशीची शांतादुर्गा कवळे येथे, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळ येथे आणि कोलव्याची महालक्ष्मी बांदोडे येथे नेण्यात आली. मडगावचा दामोदर जांबावलीला गेला. फोंडा महाल त्या वेळी पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर, आदिलशाही अमलाखाली होता. पुढे १७६३ मध्ये तो पोर्तुगीजांकडे आला, तोवर धार्मिक धोरणाची धार कमी झाली होती. त्यामुळे जुन्या काबिजादीतील देव नव्या काबिजादीत टिकून राहिले. सासष्टीतील मूळ गाव आणि फोंड्यातील मंदिर यांची जोडी म्हणजे एका अलिखित देशांतराची नोंदच होय. आजही अनेक कुटुंबांना आपले मूळ गाव कुलदेवतेच्या स्थानावरूनच सांगता येते.

काही कुटुंबे दक्षिणेकडे कारवार, मंगळूर व कोचीपर्यंत गेली. कोचीच्या डच गव्हर्नराने तयार करविलेल्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या वनस्पतिविषयक ग्रंथात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचे १६७५ मधील निवेदन नागरी लिपीत छापलेले आहे. गोव्यातून ज्यांचे पूर्वज बाहेर पडले, त्या समाजाची लेखी खूण अशा रीतीने पोर्तुगीजांच्या प्रतिस्पर्धी सत्तेच्या ग्रंथात उमटली. जाणाऱ्याची नोंद सोडलेल्या मुलखापेक्षा पोहोचलेल्या मुलखात सापडण्याचा संभव अधिक असतो, हे देशांतराच्या संशोधकाने नित्य लक्षात ठेवण्यासारखे सूत्र आहे.

१८७८ चा करार आणि मुंबईची वाट

एकोणिसाव्या शतकात बहिर्गमनाचे स्वरूप बदलले. सक्तीची जागा उपजीविकेने घेतली. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. त्यानुसार गोवा व ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातील जकातीची भिंत दूर झाली, व्यापार व वाहतूक मोकळी झाली आणि मुरगाव बंदर रेल्वेने जोडण्याचे ठरले. गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर मात्र ब्रिटिशांचे नियंत्रण आले. त्याची भरपाई म्हणून पोर्तुगीज सरकारला दरवर्षी चार लाख रुपये मिळू लागले. करार १८८० च्या जानेवारीत अमलात आला आणि बारा वर्षांनी, १८९२ मध्ये, संपुष्टात आला.

भरपाई सरकारला मिळाली, परंतु मिठागरांवर राबणाऱ्यांची मजुरी गेली. शेती मर्यादित, उद्योग जवळजवळ नाहीत आणि शिक्षणानंतरच्या नोकऱ्या मोजक्या, अशा स्थितीत मुंबईची वाट अधिक वाहती झाली. करारातून आलेल्या रेल्वेने मालाबरोबर माणसेही बाहेर नेली. कराराच्या मसुद्यात देशांतराचा विषय केंद्रस्थानी नव्हता. तरी गोव्याच्या देशांतरावर त्याने जो परिणाम केला, तो देशांतरासाठी मुद्दाम केलेल्या अनेक कायद्यांना साधला नाही.

मुंबईत गोव्यातील ख्रिस्ती तरुण आचारी, वादक, शिंपी, कारकून व जहाजावरील नोकर म्हणून काम करू लागले. धोबीतलाव, कावेल, माझगाव या भागांत गावोगावचे ‘कूड’ उभे राहिले. कूड म्हणजे एका गावच्या माणसांनी वर्गणीतून चालविलेले वसतिस्थान. प्रत्येकाची एक पेटी, गावच्या संताची वेदी, सायंकाळची प्रार्थना आणि जहाज मिळेपर्यंतचा निवारा, अशी त्याची रचना होती. सभासद कोणत्या गावचा, हे कुडाला ठाऊक असे. त्यामुळे कुडाचे कागद आणि परंपरा या गावनिहाय देशांतराच्या अभ्यासाला सरकारी दप्तराहून जवळची साधने ठरतात.

समुद्रावर जाणाऱ्याला गोव्यात ‘तारवटी’ म्हणतात. तो पोर्तुगीज प्रजाजन, भरती ब्रिटिश बंदरात आणि जहाज ब्रिटिश कंपनीचे, असा त्याचा तिहेरी संबंध होता. प्रत्येक सफरीनंतर त्याच्या सेवेची नोंद ज्या पुस्तिकेत होई, तिला खलाशी ‘नळी’ म्हणत. हे कागद पत्र्याच्या नळीत जपून ठेवण्याच्या रीतीवरून ते नाव पडले, असे सांगितले जाते. पुढची नोकरी या पुस्तिकेतील शेऱ्यावर अवलंबून असे. त्यामुळे गोव्याच्या एका मोठ्या श्रमिक वर्गाच्या आयुष्याचा तपशील लिस्बन वा पणजीच्या दप्तरापेक्षा मुंबईतील जहाजभरतीच्या दप्तरात अधिक नेमका सापडतो.

आफ्रिकेकडेही वाट होती. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालत असे, त्यामुळे तेथील संबंध जुना होता. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत मोझांबिकबरोबरच झांजिबार, केनिया, युगांडा येथेही गोव्यातील कारकून व व्यावसायिक स्थिरावले. मोझांबिकला जाणारा गोमंतकीय पोर्तुगीज सत्तेच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाई, तर केनियाला जाणारा परक्या सत्तेत जाई. एकाच घरातील दोन भावांपैकी एक कायद्याने देशांतर करणारा आणि दुसरा तसा नसलेला असू शके.

नोंदीत न आलेले देशांतर

समुद्रमार्गाने जाणाऱ्यांविषयी काही ना काही कागद राहिला. जमिनीवरील सरहद्द ओलांडणाऱ्यांची गोष्ट वेगळी होती. पेडण्याहून सावंतवाडीकडे आणि घाटमार्गाने बेळगावकडे जाणारी माणसे शतकानुशतके ये-जा करीत होती. भाषा, सोयरिक, बाजार आणि देवस्थाने यांनी हा मुलूख एकत्र बांधलेला होता. तेथे देशांतर हा शब्दही अनेकदा कृत्रिम वाटावा अशी स्थिती होती.

मराठीच्या दृष्टीने याच वाटेचे महत्त्व सर्वाधिक आहे. पेडणे महालातील मांद्रे येथे जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड मुंबईच्या सार्वजनिक जीवनात अग्रणी ठरले. साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये संस्कृत शिकण्याच्या ओढीने गोव्याबाहेर पडले आणि पुढे बौद्ध धर्माचे जगन्मान्य अभ्यासक झाले. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर, केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांनी महाराष्ट्राच्या संगीताला नवी उंची दिली. ही सर्व माणसे पोर्तुगीज अमलाखालील भूमीतून आली. परंतु मराठी सांस्कृतिक इतिहासात त्यांचा उल्लेख परराज्यातून आलेले म्हणून क्वचितच होतो, कारण भाषेच्या दृष्टीने ती परकी नव्हती.

कलावंतांच्या घराण्यांतील स्त्रियांच्या बहिर्गमनाला येथे विशेष अर्थ आहे. देवस्थानांशी बांधलेल्या सेवेतून आणि तिच्याशी जोडलेल्या सामाजिक अवहेलनेतून बाहेर पडण्याची वाट त्यांना मुंबईच्या संगीतजीवनात मिळाली. जाणाऱ्या स्त्रीचा स्वतंत्र निर्णय नोंदविण्यासाठी तत्कालीन दप्तरात जागाच नव्हती. तिची नोंद झालीच तर कोणाची तरी कन्या वा पत्नी म्हणून झाली. त्यामुळे आकडेवारीच्या आधारे लिहिलेला देशांतराचा इतिहास बहुतांशी पुरुषांचा इतिहास होतो. ती उणीव चरित्रे, आत्मकथने व मौखिक साधने यांनी भरून काढावी लागते.

नागरी नोंदणी आणि तिचा अनपेक्षित उपयोग

१९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. १९११ मध्ये तेथे नागरी नोंदणीचा कायदा झाला आणि गोव्यात ही पद्धत १९१४ पासून सुरू झाली. तोपर्यंत ख्रिस्ती कुटुंबांतील जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद मुख्यतः चर्चच्या पुस्तकांत होत असे. नव्या व्यवस्थेत हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान या सर्वांची नोंद एकाच नागरी कार्यालयात होऊ लागली. धर्मावरून ज्यांना कधी हद्दपार केले गेले, त्यांच्या वंशजांची नावे आता समान नमुन्यात लिहिली जाऊ लागली, हा बदल लहान नव्हता.

या नोंदणीचा हेतू देशांतर हा नव्हता. वारसा, विवाह आणि मालमत्ता यांना निश्चित आधार देणे हा होता. तिचा पुढचा प्रवास मात्र कोणाच्याही अपेक्षेपलीकडचा ठरला. १९५४-५५ मध्ये भारत आणि पोर्तुगीज गोवा यांच्यातील तणाव वाढून सरहद्दीवरील ये-जा व व्यवहारांवर निर्बंध आले. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींवर झालेल्या गोळीबारानंतर ही सरहद्द जवळजवळ बंद झाली. मुंबईतील मुलगा आणि गोव्यातील आईवडील यांच्यामध्ये प्रथमच खऱ्या अर्थाने परदेश उभा राहिला. पूर्वी ज्या सीमेवर नोंद नव्हती, तेथे आता कागदाशिवाय पाऊल टाकता येईना.

१९६१ च्या मुक्तीनंतर हा प्रश्न नागरिकत्वाच्या स्वरूपात पुढे आला. २८ मार्च १९६२ च्या गोवा, दमण व दीव नागरिकत्व आदेशाने २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मलेली व्यक्ती, तसेच जिचे आईवडील वा आजी-आजोबा येथे जन्मले होते अशी व्यक्ती, भारतीय नागरिक मानली गेली. ज्यांना पूर्वीचे नागरिकत्व ठेवावयाचे होते त्यांना तसे एका महिन्यात लेखी जाहीर करण्याची मुभा होती. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये. त्यानंतर १९७५ च्या व १९८१ च्या पोर्तुगीज कायद्यांच्या आधारे मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि पुढे त्यांच्या मुलांना व नातवंडांना पोर्तुगीज राष्ट्रीयत्वाची वाट मिळाली. त्यासाठी गोव्यातील जन्मनोंद लिस्बन येथील मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात उतरवून घ्यावी लागते.

पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात सामील झाल्यानंतर या नोंदीला वेगळेच मोल आले. पोर्तुगीज पारपत्रधारक गोमंतकीय लिस्बनपेक्षा इंग्लंडकडे अधिक वळले. स्विंडनसारख्या शहरात त्यांची लक्षणीय वस्ती झाली. २०२० च्या अखेरीस ब्रिटनमधील मुक्त संचाराची सोय संपली, परंतु नोंद शोधण्याची आणि उतरवून घेण्याची धडपड थांबली नाही. दुसरीकडे भारतीय संविधान व १९५५ चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्वाला मान्यता देत नाही. स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. त्यामुळे लिस्बनमधील नोंद हा केवळ वारशाचा पुरावा आहे की परकीय नागरिकत्वाचा स्वीकार आहे, हा वाद गोव्याच्या सार्वजनिक जीवनात पुनःपुन्हा उद्भवला आहे. घरातील एखाद्या माणसाची नोकरी, मतदानाचा हक्क आणि निवडणूक लढविण्याची पात्रता या वादात पणाला लागते.

येथे नोंदीतील एकेका अक्षराला महत्त्व येते. पोर्तुगीज लेखनपद्धतीत ‘शेणवी’चे ‘सिनाय’ झाले, गावांची नावे सानुनासिक झाली. मुक्तीनंतर तीच नावे मराठीत व इंग्रजीत निराळ्या रीतीने लिहिली गेली. आजोबा आणि नातू एकाच घराण्याचे आहेत हे गावाला ठाऊक असते, कागदाला ते सिद्ध करून द्यावे लागते.

दप्तराची जपणूक

हे सर्व शक्य झाले, कारण गोव्यात दप्तर राखण्याची परंपरा जुनी आहे. १५९५ मध्ये इतिहासकार दियोगु दु कौतु याची गोव्यातील दप्तरखान्याचा प्रमुख म्हणून नेमणूक झाली. एकोणिसाव्या शतकात कुन्य रिव्हारा याने जुने हुकूम व पत्रे संपादून प्रसिद्ध केली. विसाव्या शतकात डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी या दप्तरखान्याची धुरा वाहिली आणि १९५५ मध्ये त्याची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. त्यांच्या ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ या ग्रंथामुळे मराठी अभ्यासकांना या साधनांचे मोल कळले. अ. का. प्रियोळकर यांनी सोळाव्या शतकातील धार्मिक छळाचा अभ्यास करताना पोर्तुगीज सत्तेचेच हुकूम पुरावा म्हणून मांडले. सत्तेने नियंत्रणासाठी लिहिलेला कागद सत्तेविरुद्धचा साक्षीदार होतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

वऱ्हाडच्या संदर्भात

पातूरसारख्या समुद्रापासून दूरच्या तालुक्यातील अभ्यासकाला हा विषय प्रथमदर्शनी परका वाटेल. परंतु त्यातील मूळ प्रश्न परका नाही. वऱ्हाडातील गावोगावी पूर्वी कोतवालाकडील पुस्तकात जन्ममृत्यूची नोंद होत असे. त्या वेळी तिचा हेतू केवळ प्रशासकीय होता. आज जातपडताळणीसाठी ठरावीक दिनांकापूर्वीचा पुरावा लागतो, तेव्हा तहसील कार्यालयातून ‘कोतवाल बुका’ची नक्कल आणि शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मिळविण्यासाठी कुटुंबे धावाधाव करतात. पणजोबाच्या नावापुढील एका शब्दावर मुलाचा व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश अवलंबून असतो. गोव्यातील जन्मनोंद आणि वऱ्हाडातील कोतवाल बुक यांची कुळकथा निरनिराळी असली, तरी मूळ हेतू विसरला गेल्यावरही कागद हक्काचा आधार होऊन राहतो, हा अनुभव समान आहे.

दुसरे साम्य अभावाचे आहे. कोरडवाहू शेतीवर भागत नाही म्हणून पातूर तालुक्यातील मजूर किंवा तरुण मुंबई, पुणे, सुरतकडे जातो तेव्हा गावच्या कोणत्याही वहीत त्याच्या जाण्याची नोंद होत नाही. पेडण्याहून सावंतवाडीकडे गेलेल्या माणसासारखाच तोही दप्तराच्या दृष्टीने गावातच असतो. उद्या या काळाचा इतिहास लिहिणाऱ्याला बंद घर दिसेल, पण ते केव्हा व का बंद झाले हे सांगणारा कागद मिळणार नाही.

निष्कर्ष

१) पोर्तुगीज देशांतराचे कायदे हे प्रत्यक्ष किती माणसे गेली यापेक्षा सत्तेला कोणाला रोखून धरावयाचे होते, याचे अधिक विश्वसनीय दर्शन घडवितात. १७२० मध्ये शेतकरी, १५६१ मध्ये करदाता आणि विसाव्या शतकात सैनिक हा त्या चिंतेचा विषय होता.

२) ज्या कायद्यांचा विषय देशांतर नव्हता, त्यांनी देशांतरावर अधिक खोल परिणाम केला. १५५९ चा अनाथ मुलांविषयीचा कायदा, १८७८ चा मीठ-जकातीचा करार आणि १९१४ पासूनची नागरी नोंदणी ही त्याची तीन उदाहरणे होत.

३) गोव्यातील बहिर्गमनाची नोंद एका दप्तरात सापडत नाही. ती पोर्तुगीज हुकूम, मुंबईचे कूड व जहाजभरतीचे कागद, स्थलांतरित देवस्थाने, चरित्रे आणि मौखिक परंपरा यांतून जुळवावी लागते.

४) स्त्रिया, गरीब आणि जमिनीवरील सरहद्द ओलांडणारे लोक सरकारी नोंदीत सर्वांत कमी आढळतात. नोंद नसणे हा स्थलांतर न झाल्याचा पुरावा मानता येत नाही.

५) नोंद ही तिच्या मूळ हेतूपेक्षा दीर्घायुषी असते. म्हणून जुन्या नोंदवह्यांची जपणूक हा इतिहासकारांच्या सोयीपुरता प्रश्न नसून नागरिकांच्या हक्काचा प्रश्न आहे. तालुका पातळीवरील अभिलेखांची सूची करणे, जीर्ण वह्यांच्या प्रती तयार करणे आणि गावातून बाहेर गेलेल्या कुटुंबांच्या आठवणी लिहून ठेवणे ही कामे महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हाती घेण्याजोगी आहेत. मिन्योतील शेतकऱ्याने छायाचित्राचा अर्धा तुकडा घरी ठेवला, तारवट्याने आपले कागद पत्र्याच्या नळीत जपले. आपल्या जाण्याची खूण राखण्याचे मोल जाणाऱ्यांना नेहमीच कळत आले आहे. मागे राहिलेल्यांच्या संस्थांनाही ते कळणे आवश्यक आहे.